परत म्हणा

"एक सही राहिली होती, तेवढ्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो," मी म्हणालो. "भुताची गोष्ट स्मशानापासूनच सुरू व्हायला पाहिजे असा काही नियम नाही. माझी नोंदवहीच्या एका रिकाम्या रकान्यापासून सुरू होते."

मंगळवारची रात्र होती. बारा वीसची शेवटची गाडी नुकतीच आमच्या इमारतीखालून गेली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पण बोगदा बरोबर पायाखाली असल्यामुळे गाडी गेली की फडताळातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी. पाहुण्यांची झोप उडते, मला घड्याळ लागत नाही.

माझी नात नुकतीच मेट्रोच्या कंट्रोल रूममध्ये लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिची पहिली रात्रपाळी होती. तिचा नवरा वीज कंपनीत इंजिनिअर. दोघं मुक्कामाला आली होती आणि "आजोबा, तुमच्या मेट्रोतली एखादी भुताची गोष्ट सांगा," असा नातीचा हट्ट होता. समोर इंजिनिअर बसला असला की भुताचीच पंचाईत होते. पण मला ती गोष्ट तिला त्याच रात्री सांगायची होती. दुसऱ्या रात्री उशीर झाला असता.

"सही कुणाची?" नातीनं विचारलं.

"मिनिटसाहेबांची."

मिनिटसाहेब म्हणजे आमचे रात्रपाळीचे कंट्रोलर. अकरा वर्षांत त्यांच्या पाळीनंतरची पहिली गाडी एका मिनिटानंसुद्धा उशिरा सुटली नव्हती. हे नाव आम्ही पाठीमागे घ्यायचो. त्यांना ते माहीत होतं आणि, माझा अंदाज, आवडतही होतं. मी दप्तरखान्यात नक्कल कारकून. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं जसंच्या तसं पुन्हा लिहून काढणारा. लिहिलेलं खरं की खोटं, हे पाहणं आमच्या कामात बसत नसे. आमच्या कामात फक्त ऱ्हस्व-दीर्घ बसत असे.

लोकांना वाटतं, शेवटची गाडी गेली की मेट्रो झोपते. खरं तर तेव्हा ती उठते. चाकांच्या दोन रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातली वीज बंद होते आणि टोळ्या खाली उतरतात. ढिले बोल्ट आवळायचे, झिरपलेलं पाणी उपसायचं, दिवसभरात लोकांच्या हातून रुळांवर पडलेलं गोळा करायचं. छत्र्या, चपला, एकदा तर दातांची अख्खी कवळी.

"कुणाची निघाली?" नातजावयानं विचारलं.

"मागायला कुणी तोंड दाखवलं नाही."

तो हसला. मला बरं वाटलं. हसणारा माणूस पुढचं ऐकतो.

बोगद्यात दर दोनशे मीटरवर एक निळा दिवा असतो, त्याखाली फोन. उचलला की थेट कंट्रोल. आणि जावईबापू, मेट्रो विजेवर चालते असं तुम्ही म्हणाल, पण ती चालते परत म्हणण्यावर. ड्रायव्हर एकटा केबिनमध्ये बसलेला असतो, ऐकायला कुणी नसतं, तरी सिग्नलकडे बोट दाखवून रंग मोठ्यानं म्हणतो. फोनवर एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ते शब्दन् शब्द परत म्हणायचं, मग पहिल्यानं 'बरोबर' म्हणायचं. त्यानंतर हात हलवायचा. वीज देण्याआधी तर वाक्यही ठरलेलं: 'सर्व माणसे बाहेर, सर्व साहित्य बाहेर.' याखेरीज दुसरं काहीही ऐकून वीज द्यायची नाही.

"हो, हे प्रशिक्षणात घोकून घेतात," नात म्हणाली. "आणि एक शब्द वापरायला बंदी आहे. 'सोडणे'."

"ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं."

"सोडणे? त्या बिचाऱ्यानं काय केलं?" नातजावई म्हणाला.

"पाणी सोडलं म्हणजे पाणी आलं. दारू सोडली म्हणजे दारू गेली. तुम्ही करंट सोडता, टोळी लाइन सोडते. आणि 'तुला सोडून सगळे आले' म्हटलं की कळतं, एकटी तूच आली नाहीस. आता अंधारात, खरखरत्या फोनवर, पहाटे पावणेचारला यातला कुठला अर्थ घ्यायचा? म्हणून बंदी. पण बंदी नंतर आली. आधी एक माणूस गेला."

तो बोगद्यात उतरणाऱ्या एका टोळीचा मुकादम. चार माणसांची टोळी. मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस. शिरोरेषा देत नसे. त्याच्या हजेरीपटावरची अक्षरं टोपी न घातलेल्या माणसांसारखी एकेकटी उभी असत. हा गृहस्थ परत म्हणण्याच्या बाबतीत हट्टी होता. साहेबांनी काही सांगितलं की हा शब्दन् शब्द म्हणून दाखवी आणि स्वतः काही सांगितलं की थांबून म्हणे, "परत म्हणा, साहेब."

रोज रात्री. अदबीनं. पण म्हणेच.

मिनिटसाहेबांना ते झोंबायचं. मुकादमानं साहेबांकडून धडा म्हणून घ्यायचा म्हणजे काय! कंट्रोलमध्ये सगळ्यांदेखत ते एकदा म्हणाले होते, "मी काय पोपट आहे?" आणि सगळे हसले होते. मीही. साहेब विनोद करत नसत, त्यामुळे त्यांनी केला की हसून घ्यावं लागे.

एकोणीस तारखेची पहाट. टोळी दोन्ही लाइनींवर काम करत होती: वरची शहराबाहेर जाणारी, खालची आत येणारी. तीन पंचेचाळीसला वीज द्यायची, चार दहाला रिकामी तपासणी गाडी सोडायची... बघा, माझ्याही तोंडी तोच शब्द आला. तीन बेचाळीसला सतरा नंबरच्या फोनचा दिवा कंट्रोलमध्ये लागला. मुकादम म्हणाला, "साहेब, वरची लाइन सोडून सगळं आवरलं."

मी थांबलो. नातीनं ते वाक्य मनातल्या मनात फिरवलं. तिचा चेहरा बदलला.

"वरची सोडून," ती हळूच म्हणाली. "म्हणजे वरचीवर काम राहिलं होतं."

"दोन माणसं होती तिच्यावर. त्याला आणखी दहा मिनिटं हवी होती."

"आणि साहेबांनी ऐकलं, वरची लाइन सोडली, सगळं आवरलं."

"साहेबांनी ते ऐकलं जे ऐकलं तर वेळेवर होणार होतं. ठरलेलं वाक्य नाही, काही नाही. मुकादम पलीकडून म्हणाला, 'परत म्हणा, साहेब.' आणि साहेबांनी फोन ठेवला."

मुकादमानं हातातल्या फोनकडे पाहिलं असेल. मग तो धावला. हे त्याच्या टोळीतल्या माणसानं सांगितलं, जो तिथं उभा होता. तिसरा रूळ वीज आली म्हणून ओरडत नाही. दिसायला तसाच दिसतो. मुकादमानं एकाला ढकललं, दुसऱ्याला हाक मारली, दोघं वाचले. त्याच्या स्वतःच्या हातातली पहार रुळाला लागली.

तपासणी गाडी मात्र त्या दिवशी दोन तास उशिरा सुटली. साहेबांच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा.

चौकशी झाली. कंट्रोलमधल्या बाकीच्यांना फक्त साहेबांची बाजू ऐकू आली होती, आणि त्या बाजूला 'हं' यापलीकडे काही नव्हतं. बोगद्यातल्या फोनांवरचं बोलणं तेव्हा रेकॉर्ड होत नसे. यंत्र मागवलं आहे, हे उत्तर चार वर्षांपासून तयार होतं. राहिली नोंदवही. तिच्यात साहेबांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'तीन बेचाळीस. सर्व माणसे बाहेर, सर्व साहित्य बाहेर, असे मुकादमाने कळवले. संदेश परत म्हटला. बरोबर.' टोळीतल्या माणसानं सांगून पाहिलं. पण त्याचं बोलणं होतं, साहेबांचं लिहिणं होतं. निष्कर्ष निघाला: मुकादमाने चुकीचा अहवाल दिल्यामुळे मुकादमाचा मृत्यू.

त्या नोंदीची नक्कल मी केली. करताना मला दिसलं की ती ओळ दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली आहे. तीन बेचाळीसची शाई चार दहाला गाडी रोखल्याच्या नोंदीवर चढली होती. म्हणजे आधीची नोंद नंतर लिहिलेली. मला दिसलं, आणि मी ती उतरवून काढली. ऱ्हस्व-दीर्घ तपासून.

मुकादमाची बायको दोनदा ऑफिसात आली. दुसऱ्यांदा माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"हे त्यांनी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "ते 'सर्व' म्हणायचे नाहीत. 'सगळं' म्हणायचे. तुम्हीच लिहिलंत ना हे?"

"मी फक्त नक्कल केली, बाई."

"म्हणजे परत तेच म्हटलंत," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी ती नोंदवही कायमच्या दप्तरात जायची होती. पानं तपासताना मला त्या ओळीसमोर 'परत म्हणणाऱ्याची सही' हा रकाना कोरा दिसला. साहेबांनी ओळ घुसवली होती, सही करायला विसरले होते. किंवा हात धजला नव्हता. ते तेव्हा महिनाभर आजारपणाच्या रजेवर होते, सोमवारपासून मुख्य कंट्रोलर म्हणून रुजू व्हायचे होते. मी वही पिशवीत घातली आणि गुरुवारी, अठरा तारखेला, रात्री आठच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. मिनिटसाहेबांची दाढी वाढलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"वहिनी?"

"माहेरी गेलीय. दोन महिने झाले. झोप होत नाही म्हणते इथं."

मी वही टेबलावर उघडून ठेवली, रकाना दाखवला, पेनाचं टोपण काढून दिलं. त्यांनी पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"चहा घेणार?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी खुर्ची दिली नव्हती. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण चहा म्हटल्यावर कारकून सावध होत नाही.

ते ऑफिसातलं बोलत राहिले. कोण निवृत्त झालं, कुठला सरकता जिना बंद पडला. सहीचं काढलं की दुसराच विषय. अकरा वाजले, बारा वाजले. त्यांची वसाहतही बोगद्यावरच होती. शेवटची गाडी गेली तसे त्यांच्याही फडताळातले पेले वाजले. मी उठलो.

"गेली तुमची गाडी," ते म्हणाले. "आजची रात्र थांबा. नुसते बसा हो इथं."

"का, साहेब?"

त्यांनी मला घर फिरवून दाखवलं. भिंतीवरचा फोन काढून टाकलेला, तिथं नुसता चौकोनी डाग. मोबाइल बंद करून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात. दाराजवळ खालच्या फाटकाशी बोलायचा इंटरकॉम होता, त्याच्या दोन्ही तारा कापून टोकांना चिकटपट्टी लावलेली.

"फोन येतो," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"सतरा नंबर."

मी भिंतीवरच्या त्या चौकोनी डागाकडे पाहिलं.

"रोज. तीन बेचाळीसला. आधी कंट्रोलमध्ये यायचा. दिवसपाळी घेतली तर घरी यायला लागला. फोन काढला, तर..." त्यांनी इंटरकॉमकडे पाहिलं. "परत म्हणा, साहेब. एवढंच म्हणतो. आवाजही चढवत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी समजू शकलो असतो."

"मग म्हणून टाका ना, साहेब. काय जातंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मलाच कळलं काय जातंय. ते खरं वाक्य तोंडातून काढायचं म्हणजे नोंदवहीतलं खोटं होतं, चौकशी खोटी होते. आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं.

आम्ही बसलो. दीड. अडीच. साडेतीन.

"मेन स्विच बंद करा," ते म्हणाले. "वीजच नसली तर कसा येईल?"

माणूस वीज कंपनीत नसला की असंच बोलतो, जावईबापू. मी उठून दाराबाहेरचा मेन स्विच खाली ओढला. खट्. घर काळं झालं. माझ्याजवळ छोटी बॅटरी होती. तिच्या उजेडात मी घड्याळ पाहत होतो.

तीन चाळीस. पेले वाजले.

हळूच. एकमेकांना लागून.

त्या वेळी खालून कुठलीच गाडी जात नाही. त्यांना माहीत होतं. मलाही.

तीन एकेचाळीस. दाराखालून वारा आला. फलाटावर उभं राहिलं की गाडीआधी तिचा वारा येतो ना, तो. कोमट. लोखंडाच्या भुकटीचा वास असलेला. साहेबांच्या तिसऱ्या मजल्यावर. बंद दाराखालून.

मग तो थांबला. फलाटावर थांबतो, तसाच. म्हणजे गाडी आली.

तीन बेचाळीस.

कापलेला इंटरकॉम वाजला.

"तुम्ही घ्या," साहेब म्हणाले.

मी हललो नाही.

तो वाजत राहिला. साहेब उठले, भिंतीला धरत गेले, उचलला. खोली इतकी शांत होती की पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"परत म्हणा, साहेब."

साहेबांनी घसा साफ केला. कंट्रोलमधला त्यांचा आवाज काढला. "सर्व माणसे बाहेर. सर्व साहित्य बाहेर."

शांतता.

"चूक. परत म्हणा."

"सर्व माणसे..."

"चूक."

मी अंधारातच म्हणालो, "साहेब, खरं ते म्हणा. मी ऐकलंच नाही असं समजा."

त्यांनी बॅटरीच्या उजेडात माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "वरची लाइन..."

पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरला.

"वरची लाइन सो..."

आणि मग त्यांची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. पाठ ताठ झाली. मी ती पाठ वर्षानुवर्षं पाहिलेली होती.

"मी काय पोपट आहे?" मिनिटसाहेब म्हणाले.

आणि फोन ठेवला.

काही झालं नाही. पेले गप्प. वारा नाही. मी सुटकेचा श्वास घेतला, खरंच घेतला. साहेबांचा हात अजून फोनवरच होता.

तेव्हा आवाज आला. फोनमधून नाही. खोलीतून.

"वीज दिली."

सगळे दिवे लागले. मेन बंद होता. मी स्वतः ओढला होता. तरी लागले. पांढरे, डोळ्यांत घुसणारे. साहेबांचा हात फोनला चिकटलेला. तोंड उघडं. आवाज नाही. मला जागचं उठता येईना. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. दुसरं काही येत नव्हतं मला.

तीन बेचाळीस ते तीन त्रेचाळीस.

पूर्ण एक मिनिट. ना कमी, ना जास्त.

मग अंधार.

मी तांब्यातलं पाणी प्यायलो. नातजावई आता मांडी मोडून पुढं सरकून बसला होता, पण तोंडानं म्हणाला, "आजोबा, कपॅसिटर. शेजाऱ्याकडून उलटा आलेला करंट. शंभर कारणं असतात."

"असतील. वीजवाल्यांनी सकाळी पाहिलं, मेन बंदच होता. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. तळहातावर आडवा भाजलेला पट्टा होता, त्याचं 'जुनी जखम' झालं. तो पट्टा पहारीएवढा जाड होता. मुकादमाच्या शवविच्छेदनाच्या अहवालात त्याचं माप होतं. त्याचीही नक्कल मीच केली होती."

"आणि सही?" नातीनं विचारलं.

मी उठलो आणि कपाटातून ती वही काढली. दहा वर्षांनी ती बाद कागदांत निघाली, रद्दीवाल्याआधी मी गाठली. चोरीच म्हणा. पान उघडून दिव्याखाली धरलं.

'परत म्हणणाऱ्याची सही' या रकान्यात, काळसर करड्या रंगात, बोटानं लिहावं तसं, लिहिलेलं होतं: नक्कल कारकून. अक्षरांना शिरोरेषा नव्हती.

"त्या सकाळी पोलीस येईपर्यंत मी या पानाकडे पाहत बसलो होतो," मी म्हणालो. "साहेबांनी खोटं एकदा लिहिलं. परत म्हटलं ते मी."

नातजावयानं बोट ओलं करून अक्षरं पुसून पाहिली. बोट काळं झालं. अक्षरं तशीच राहिली.

"मग तुम्ही काय केलंत?" नात म्हणाली.

"जबाब लिहून दिला. सगळा, खराखुरा. त्यावर साहेब लोकांनी शेरा मारला, 'दप्तरी दाखल'. म्हणजे वाचला नाही, पण जपून ठेवला. मुकादमाच्या माथ्यावरचा ठपका अजून तसाच आहे. त्यामुळे तेरा वर्षं मी रोज तीन बेचाळीसला उठतो, दाराशी जातो आणि इंटरकॉम उचलून ते वाक्य म्हणतो."

"पलीकडे कुणी असतं?"

"'बरोबर' म्हणतं. मग मी झोपतो."

मी वही उघडीच टेबलावर ठेवली.

"हे तुला का सांगितलं, सांगतो," मी नातीला म्हणालो. "सतरा नंबरचा फोन आता काढून टाकलाय. पण कंट्रोलच्या पटलावर त्याचा दिवा अजून आहे. उद्या लागला तर उचल. घाबरू नकोस, तुझ्याशी त्याचं वैर नाही. फक्त जे ऐकशील ते जसंच्या तसं परत म्हण. आपला एक शब्द घालायचा नाही, त्याचा एक गाळायचा नाही. म्हणून दाखव बघू."

ती सरळ बसली. "साहेब, वरची लाइन सोडून सगळं आवरलं." मग म्हणाली, "आणि आजोबा, त्या जबाबाचा फाइल नंबर द्या मला. दप्तरातून ती फाइल मी वर काढते."

मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. तेरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, असं नाही. नंबर लिहून दिला. पाठ होता.

"आता तुम्ही, जावईबापू."

"मी कशाला? मी मेट्रोत नाही."

"तुम्ही गोष्ट ऐकलीत. ऐकलं की परत म्हणायचं. पद्धत आहे."

तो हसला आणि वीजघरातल्या माणसाचा आवाज काढून म्हणाला, "वरची लाइन सोडली, सगळं आवरलं! वीज देऊ का, साहेब?"

"असं नाही रे," नात म्हणाली. "नीट म्हण."

"मी काय पोपट आहे?"

फडताळातले पेले वाजले.

एकदाच. हळूच. मी घड्याळ पाहिलं: दोन वाजून सहा मिनिटं.

"कामाची गाडी असेल," नातजावई म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. "तरी एकदा म्हणून टाका. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी."

"आजोबा, गोष्ट झकास होती. पण आता झोपू या. सकाळी आठला निघायचंय मला." आणि तो आतल्या खोलीत गेला. नात मागं वळून वळून पाहत गेली.

तीन बेचाळीसला मी इंटरकॉम उचलला. वाक्य म्हटलं. पलीकडून काही आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही.

सकाळी तो बूट घालत असताना मी म्हणालो, "आजचा दिवस बसनं जा."

"बसनं अर्धा तास उशीर होतो. मिनिटसाहेबांना काय वाटेल?" तो हसला, डोळा मिचकावला आणि जिना उतरून गेला. आठ पाचची गाडी. वरची लाइन.

नात उठायची होती. वही रात्रभर टेबलावर उघडीच राहिली होती. मी ती कपाटात ठेवायला उचलली.

'नक्कल कारकून'च्या खाली एक नवी ओळ होती. शिरोरेषा नसलेली.

चूक. परत म्हणा.

मी फोन लावला. लागला नाही. बोगद्यात कुणाचाच लागत नाही, हे मला एकतीस वर्षं माहीत आहे. गर्दीची वेळ आहे. दर तीन मिनिटांनी एक गाडी.

मी फडताळासमोर उभा आहे. आठ सतरा झाले.

पेले वाजलेले नाहीत.